गडद तांबूस-तपकिरी रंग: अर्थ आणि घर, दुकान, छपाईतील उपयोग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घर रंगवणारे, दुकानाची पाटी करून घेणारे, सोसायटीच्या सभेत रंगाचा विषय मांडणारे आणि पत्रिका छापायला टाकणारे लोक या एका रंगाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तेथे बारकावे जास्त आहेत. जेथे एका परिच्छेदात काम भागते, तेथे ते तेवढ्यातच आटोपले आहे.

नेमका कोणता रंग अभिप्रेत आहे? मरून, चॉकलेटी आणि विटकरी यांपासून तो कसा ओळखावा?

काताची वडी, पाण्यात कालवलेला गेरू, जुन्या शिसवी कपाटाची उजेडापासून दूर असलेली बाजू आणि पावसात भिजलेली माथेरानची जांभ्याची माती या चार गोष्टी डोळ्यांसमोर आणल्या, तर आपण ज्या पट्ट्याविषयी बोलत आहोत तो लक्षात येईल. त्यात लाल छटा निश्चितपणे दिसते, परंतु उजेड फार कमी असल्यामुळे तो रंग लाल म्हणून पुढे येत नाही. मरून रंग जांभळ्या-गुलाबी बाजूला झुकतो, चॉकलेटीत लाली जवळजवळ नसते आणि विटकरी रंग बराच उजळ व नारिंगीकडे कललेला असतो. शंका असल्यास नमुन्याचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून त्याच्या एका बाजूला मरून आणि दुसऱ्या बाजूला चॉकलेटी कापड ठेवावे. एकटा पाहताना न जाणवलेला कल शेजारी दुसरा रंग येताच स्पष्ट होतो.

पडद्यावरील कामासाठी आकडे हवे असतील, तर (० ते २५५ या मापात) लाल ९२, हिरवा ३८ आणि निळा २८ हे मिश्रण आधार म्हणून घ्यावे. पुढील उत्तरांतील हिशेब याच मिश्रणावर केलेले आहेत. वेबच्या ठरावीक नावांपैकी 'मरून' म्हणजे लाल १२८ आणि बाकी दोन्ही शून्य, तर 'ब्राउन' म्हणजे लाल १६५, हिरवा ४२ आणि निळा ४२. हा दुसरा रंग प्रत्यक्षात आपल्या अपेक्षेपेक्षा बराच तांबडा दिसतो, त्यामुळे केवळ नावावर विसंबून रंग निवडू नये. रंगांना नावे देण्याच्या अमेरिकेतील आयएससीसी-एनबीएस या पद्धतीत २६७ गट आहेत आणि त्यांतील ४४ वा गट नेमका गडद लालसर तपकिरीचा आहे. मृदाशास्त्रज्ञ मातीचा रंग नोंदवण्यासाठी मुन्सेल यांचा जो तक्ता वापरतात, त्यातही या रंगाची स्वतंत्र घरे आहेत.

मोबाइलवर पाहिलेला हा रंग भिंतीवर वेगळा का दिसतो?

याचे मूळ तपकिरी रंगाच्या स्वभावात आहे. तपकिरी प्रकाश असा वेगळा नसतो. नारिंगी किंवा तांबूस-नारिंगी रंग जेव्हा भोवतालच्या वस्तूंपेक्षा बराच अंधुक असतो, तेव्हा आपला मेंदू त्याला तपकिरी ठरवतो. खोलीत पूर्ण अंधार करून मोबाइलच्या संपूर्ण पडद्यावर हा एकच रंग आणला, तर तो मंद तांबूस-नारिंगी वाटू लागतो. त्याच रंगाभोवती पांढरी चौकट येताच तो पुन्हा तपकिरी होतो. त्यामुळे पांढऱ्या पानावरच्या छोट्या चौकोनात पाहून केलेली निवड संपूर्ण भिंतीवर, तेही पांढऱ्या छताखाली आणि खिडकीच्या झगझगीत चौकटीशेजारी, अपेक्षेपेक्षा कितीतरी काळपट वाटते. रंगाच्या दुकानातील शेड कार्डाचीही हीच अडचण आहे. नमुना किमान दोन फूट रुंद आणि तितक्याच उंच पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तयार करावा आणि तो पुठ्ठा दिवसभरात खोलीच्या वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहावा.

या रंगाचा अर्थ काय मानला जातो?

एखाद्या रंगाचा एकच ठरलेला अर्थ सांगणाऱ्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. 'स्थैर्य', 'ऊब', 'विश्वास' असे शब्द या रंगापुढे लिहिलेले सर्वत्र आढळतात आणि ते अगदी चुकीचे नसले, तरी त्यांतून काय रंगवावे हे ठरत नाही. त्यापेक्षा माणसांनी हा रंग कशासाठी वापरला आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

लाल-तपकिरी माती हे माणसाने हाताळलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांपैकी एक आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वी गेरू कुटून शिंपल्यांत कालवल्याचे पुरावे मिळाले आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही लाल गेरू आहे. आपल्या अगदी जवळचे उदाहरण वारली चित्रांचे आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्या भागातील पाड्यांवर कारवीच्या कुडाच्या भिंती शेणमातीने सारवून, त्यावर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली. या चित्रांत माणसे, झाडे आणि तारपा पांढऱ्या रंगात आहेत, तर तांबूस-तपकिरी रंग त्यांच्याखाली पसरलेला आहे.

दिवाळीत किंवा पाडव्याला इमारतीच्या पॅसेजमध्ये दारापुढे गेरूचा चौकोन सारवून त्यावर रांगोळी घालतात, तेव्हाही हेच घडते. तुळशीवृंदावनाला गेरू देऊन त्यावर पांढरी नक्षी काढण्याची रीत आहे आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू व चुना यांचे पट्टे दिले जातात. प्रत्येक ठिकाणी या रंगाचे काम जमिनीचे आहे. त्याच्यावर जे येईल ते उठून दिसते. घर, दुकान किंवा कागद यांसाठी हा रंग निवडताना त्याला ही जमिनीची भूमिका दिली, तर निर्णय सहसा चुकत नाही, आणि त्यालाच चित्र व्हायला लावले, तर खोली अंधारते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपकिरी रंग लोकांना आवडत नाही, हे खरे आहे का?

कोणता तपकिरी, यावर ते अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सिगारेटची सर्व पाकिटे एकाच मळकट रंगात विकण्याची सक्ती केली. ती पाकिटे अनाकर्षक वाटावीत, यासाठी लोकांची मते घेऊन, रंगांना प्रमाणित क्रमांक देणाऱ्या पँटोन या कंपनीचा ४४८ सी हा रंग निवडण्यात आला. तो गडद तपकिरीच आहे, मात्र त्याचा कल हिरव्याकडे आहे. उलट पँटोननेच २०१५ सालचा रंग म्हणून 'मार्साला' जाहीर केला, तो सिसिलीतील त्याच नावाच्या वाइनवरून घेतलेला तांबूस तपकिरी होता. म्हणजे साधारण एकाच कुळातील दोन रंगांपैकी एक लोकांनी दूर राहावे म्हणून निवडला गेला आणि दुसरा लोकांनी विकत घ्यावा म्हणून. शेड कार्डावर हिरवट आणि लालसर तपकिरी बहुधा शेजारीशेजारी असतात, तेव्हा निवड करताना नमुना दिवसाच्या उजेडात पाहून लालीची खात्री करून घ्यावी.

हा रंग उन्हात इतका टिकतो, मग मरून का विटतो?

फरक रंगद्रव्याचा आहे. तांबूस-तपकिरी रंगांच्या मुळाशी बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइड असते. हेमाटाइट या खनिजामुळे गेरू लाल होतो; पिवळी माती भाजली, की तिच्यातील पाणी निघून जाऊन तीच लाल होते; आणि लोहाबरोबर मँगनीजची ऑक्साइडेही असली, की अंबर नावाची गडद तपकिरी माती मिळते. ही द्रव्ये आधीच ऑक्सिडीकरण झालेली असल्यामुळे ऊन, हवा आणि चुना यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. झळाळता लाल आणि मरून मिळवण्यासाठी मात्र अनेकदा सेंद्रिय रंगद्रव्ये घालावी लागतात आणि त्यांतील स्वस्त प्रकार पश्चिमेच्या उन्हात काही वर्षांतच फिके पडतात. त्यामुळे बाहेरच्या भिंतीसाठी विचारणा करताना 'हा शेड ऑक्साइडमध्ये बसतो का' असे दुकानदाराला विचारावे. चित्रकारांच्या ट्यूबवर पीआर १०१ किंवा पीबीआर ७ असे छापलेले असेल, तर आत अनुक्रमे कृत्रिम लाल आयर्न ऑक्साइड आणि सिएना-अंबर वर्गातील माती आहे, असे समजावे.

वनस्पतींपासूनही हा रंग मिळतो. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला कात सुती कापडाला आणि जाळ्यांना तपकिरी रंग देतो. हा कात काढण्याचे काम ठाणे आणि रायगड भागातील कातकरी, म्हणजेच काथोडी, समाज पूर्वी करीत असे. मंजिष्ठेच्या मुळाने तुरटीच्या जोडीने लाल रंग येतो, आणि तुरटीत लोहाचा क्षार मिसळला, की तोच लाल तपकिरीकडे काळवंडतो.

एक बीएचके घरात हा रंग देता येईल का? खोली लहान नाही दिसणार?

देता येईल, मात्र किती आणि कोठे, हे महत्त्वाचे आहे. आपण आधार मानलेला रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्केच परत फेकतो, तर चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांहून अधिक. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या मनोऱ्यांत खालच्या मजल्यांवर, जेथे समोरच दुसरी इमारत उभी असते, तेथे चारही भिंती अशा केल्यास दिवसाही दिवे लावावे लागतील. खोली लहान दिसण्याची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. ज्या भिंतीवर खिडकीचा उजेड थेट पडतो आणि जिच्यापुढे फर्निचर कमी आहे, अशी एकच भिंत या रंगात केली, तर ती मागे सरकल्यासारखी भासते. खिडकी ज्या भिंतीत आहे, ती भिंत मात्र टाळावी. उजेडाच्या चौकटीशेजारी हा रंग पूर्ण काळा दिसतो.

देव्हाऱ्यामागची पट्टी, दिवाणखान्यातील पुस्तकांच्या कपाटाची आतली पाठ, जेवणाच्या टेबलामागची भिंत, दाराची चौकट आणि जमिनीलगतचे स्कर्टिंग या जागा या रंगाला चांगल्या मानवतात. कपाटाच्या पाठीला तो दिला, तर फिकट मुखपृष्ठे, पितळी भांडी आणि समई नीट उठून दिसतात. स्वयंपाकघरातील ओट्यालगत मात्र तो नको, कारण तेलाचे आणि पिठाचे डाग गडद रंगावर पांढऱ्या भिंतीपेक्षाही जास्त नजरेत भरतात.

रंगाऱ्याला काय सांगावे?

गडद शेड बनवताना मशिनमध्ये पांढऱ्या बेसऐवजी (बेस म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) डीप किंवा ॲक्सेंट बेस घेतात. त्यात पांढरे द्रव्य जवळजवळ नसते आणि रंगद्रव्य भरपूर असते, त्यामुळे तो सुकायला वेळ लागतो आणि पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत तो पुरेसा झाकत नाही. प्रायमर राखाडी किंवा फिकट तपकिरी करून घेतला, तर तिसरा हात बहुतेक वेळा वाचतो. संपूर्ण भिंतीला लागणारे डबे एकाच वेळी आणि एकाच बॅचचे घ्यावेत, किंवा सगळे डबे एका बादलीत एकत्र करावेत. पुट्टीतील उंचवटे तिरप्या उजेडात या रंगावर ठळक दिसतात, म्हणून घासकाम झाल्यावर भिंतीलगत मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नये.

पूर्ण मॅट फिनिशमध्ये हा रंग सर्वांत सुंदर दिसतो, हे खरे आहे. पण खुर्चीची पाठ किंवा दप्तर घासले, की तेथे पांढुरकी रेघ उठते आणि ती पुसायला गेल्यास चकाकी येते. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे मंद चमक असलेला धुण्याजोगा प्रकार घेणे शहाणपणाचे आहे.

ट्यूबलाइटखाली हा रंग मेलेला का वाटतो?

दोष बहुधा दिव्याचा असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर लिहिलेला सीआरआय हा आकडा दिवा रंग किती खरे दाखवतो ते सांगतो आणि तो पहिल्या आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंग दिवा किती खरा दाखवतो, हे सांगणारा आर-९ हा वेगळा आकडा त्या सरासरीत धरलेला नसतो. स्वस्त पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश तोकडा पडतो, आर-९ कमी येतो आणि ज्याची सगळी लज्जत लालीत आहे असा रंग राखाडी-काळा दिसू लागतो. या भिंतीसमोर २७०० ते ३००० केल्व्हिनचा वॉर्म दिवा, सीआरआय ९० किंवा त्याहून अधिक आणि जमल्यास आर-९ नमूद केलेला घ्यावा. ६५०० केल्व्हिनचा थंड पांढरा उजेड असलेल्या खोलीत हा रंग देऊच नये.

संधिप्रकाशातही सावध राहावे लागते. उजेड कमी होत जातो, तसा डोळा लाल छटांना आधी मुकतो आणि निळ्या-हिरव्या छटा तुलनेने उजळ वाटतात. १९ व्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी नोंदवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जिन्याच्या पायऱ्या, वाहनतळाचे दुभाजक आणि फाटकाचे खांब या रंगात केले, तर दिवेलागणीला ते सर्वांत आधी दिसेनासे होतात. पायऱ्यांच्या कडेला फिकट किंवा पिवळी पट्टी दिल्याशिवाय तेथे हा रंग वापरू नये.

सोसायटीच्या बाहेरच्या भिंतींसाठी हा रंग योग्य आहे का?

संपूर्ण इमारतीसाठी नाही, असे माझे मत आहे. गडद भिंत ऊन शोषून घेते, पश्चिमेकडच्या खोल्या संध्याकाळी तापलेल्या राहतात आणि भिंतीचा पृष्ठभाग दिवसा प्रसरण पावून रात्री आकुंचन पावत असल्याने प्लॅस्टरमधील केसाएवढ्या भेगा वाढतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्या भेगांतून पाणी आत जाते आणि ते सुकताना क्षार बाहेर येऊन भिंतीला लोणा लागतो. ऑफ-व्हाइट भिंतीवर हे पांढरे ओघळ लपून जातात. तांबूस-तपकिरी भिंतीवर ते रस्त्यावरूनही दिसतात. गळती दुरुस्त न करता असा रंग देणे म्हणजे पुढच्या वार्षिक सभेत वाद ओढवून घेणे आहे.

जोत्याला मात्र याच्याइतका चांगला रंग नाही. पावसात जमिनीवरून उडणारा चिखल साधारण दोन-तीन फुटांपर्यंत भिंत माखतो आणि तेवढ्या उंचीचा पट्टा या रंगात असला, तर भिंत वर्षभर स्वच्छ वाटते. बाल्कनीच्या खालच्या बाजू, लिफ्टच्या मनोऱ्याचा उभा पट्टा आणि प्रवेशद्वाराची चौकट हेही चालते. कौलारू छपरांच्या वस्तीत, उदाहरणार्थ चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या जागी, छप्परच या रंगाच्या कुळातले असते, त्यामुळे तेथे भिंती फिकट ठेवणे अधिक शोभते.

ग्रिलला मारलेला रेड ऑक्साइडच शेवटचा रंग म्हणून ठेवला तर?

ठेवू नये. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडाला धरून राहण्यासाठी आणि वरच्या रंगाला पकड देण्यासाठी असतो. तो स्वतः सच्छिद्र असतो आणि उघडा राहिल्यास हाताला भुकटी लागू लागते. ठाण्याच्या खाडीलगत, तसेच वाशी, ऐरोली आणि उरणच्या दमट खारट हवेत त्यातून ओलावा आत शिरतो आणि गंजही त्याच रंगाचा असल्यामुळे सुरुवात कोठून झाली ते कळतही नाही. जुना गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढून, प्रायमरचा हात सुकल्यावर, शक्यतो काही दिवसांतच, त्यावर एनॅमलचे दोन हात द्यावेत. रंग तोच हवा असल्यास एनॅमलमध्येही तो मिळतो.

ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी कोणता क्रमांक सांगावा?

वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भे येथील पावडर कोटिंग करणारे आरएएल या जर्मन पद्धतीचे क्रमांक ओळखतात. ती १९२७ मध्ये अवघ्या ४० रंगांनी सुरू झाली. ८०१२ हा लाल तपकिरी, ८०१५ चेस्टनट, ८०१६ महोगनी आणि ८०१७ चॉकलेटी तपकिरी आहे. या चारांत ८०१६ आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ जातो. ८०१२ जरा उजळ आणि अधिक लाल, तर ८०१७ बहुतेकांना अपेक्षेपेक्षा काळा वाटतो. 'ब्राउन कलर करा' एवढेच सांगितल्यास बहुधा ८०१७ होऊन येतो, म्हणून कामाच्या पावतीवर क्रमांक, आणि मॅट की ग्लॉस, हे दोन्ही लिहून घ्यावे. सोसायटीत खिडक्यांच्या रंगाविषयी ठराव असतील, तर ते आधी पाहावेत.

लाल ऑक्साइडचा कोबा आज करता येतो का?

येतो, गावाकडच्या ओटीवर असायचा तोच हा प्रकार आहे. सिमेंटच्या वरच्या थरात ऑक्साइड मिसळून तो लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करतात. ऑक्साइडचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवले, की रंग भरतो. १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास रंग फारसा वाढत नाही आणि थर मात्र दुबळा होतो. काळपट छटेसाठी लाल ऑक्साइडमध्ये थोडे काळे ऑक्साइड मिसळतात. संपूर्ण खोलीचे मिश्रण कोरडे असतानाच एकदम मोजून एकत्र करावे, नाहीतर प्रत्येक घमेल्याची छटा वेगळी येते. पुढे किमान आठवडाभर पाणी मारणे आवश्यक आहे. मनोऱ्यातील फ्लॅटमध्ये स्लॅबवरचे वजन आणि फरशीची उंची यांचा विचार करावा लागतो. बाल्कनी किंवा तळमजल्याचे घर ही त्यासाठी सोयीची जागा आहे. हा कारागीर मिळणेही आता तितके सोपे राहिलेले नाही.

दुकानाच्या पाटीसाठी आणि वेबसाइटसाठी या रंगावर अक्षरे कोणत्या रंगाची असावीत?

आपल्या आधाररंगावर पांढऱ्या अक्षरांचा उजेड-भेद (कॉन्ट्रास्ट) सुमारे १२ ला १ येतो. वेबवरील सुगम्यतेच्या नियमांनुसार लहान अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ भेद लागतो, म्हणजे पांढरा आणि मोतिया रंग निर्धास्तपणे चालतात. सोनेरी पिवळा साडेपाचच्या थोडा पुढे जातो, त्यामुळे तोही चालतो. शुद्ध लाल अक्षरे ३ च्या काठावर अडकतात आणि लहान आकारात वाचता येत नाहीत. काळी अक्षरे तर २ पर्यंतही पोहोचत नाहीत. मिठाई, सराफी, आयुर्वेदिक औषधे, चामड्याच्या वस्तू, कॉफी आणि पुस्तके यांच्या दुकानांना हा रंग शोभतो; दवाखाना किंवा लाँड्री यांना तो जड वाटतो.

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पाटीवरील देवनागरी मराठी नाव इतर लिपीतील नावापेक्षा लहान ठेवता येत नाही. तेव्हा देवनागरीचा विचार आधी करावा. गडद पाटीवर पांढरी अक्षरे मागून उजळली, की प्रकाश पसरून अक्षरे जाड दिसतात. 'ष' आणि 'क्ष' यांच्या आतल्या जागा बुजतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून अशा पाटीसाठी मध्यम वजनाचा टाइप घ्यावा, ठळक नव्हे. गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये संध्याकाळी पलीकडच्या पदपथावर उभे राहून पाट्या वाचून पाहिल्यास हा दोष कितीतरी ठिकाणी दिसेल.

लग्नपत्रिका किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ या रंगात छापताना काय काळजी घ्यावी?

चार शाईंच्या छपाईत निळी ३५, किरमिजी ८५, पिवळी ८५ आणि काळी ५५ टक्के असे मिश्रण सुरुवातीला घेता येईल. त्याची बेरीज २६० टक्के होते. चकचकीत आर्ट पेपरला साधारण ३०० टक्क्यांपर्यंत शाई सोसते, वृत्तपत्राच्या कागदाला २४० टक्क्यांच्या आसपास. त्यापलीकडे शाई वेळेत सुकत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतात. हातकागदासारख्या शोषणाऱ्या कागदावर शाई आत मुरते आणि हा रंग मातकट होतो, तेव्हा काळ्या शाईचे प्रमाण थोडे कमी करावे.

खरी अडचण बारीक अक्षरांची असते. तांबूस-तपकिरी जमिनीतून कागदाचा पांढरा रंग सोडून अक्षरे काढली, तर चार शाईंपैकी एखादी केसभर सरकताच रफार, अनुस्वार आणि चंद्रबिंदू बुजतात, आणि पत्रिकेत नावे तर त्याच आकारात असतात. प्रती जास्त असतील, तर हा रंग चार शाईंतून न बनवता एकच खास शाई मिसळून घ्यावी. खर्च थोडा वाढतो, पण रंगही पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत सारखा राहतो. सोनेरी फॉइल या जमिनीवर उत्तम उठते. प्रूफ मोबाइलवर मंजूर करू नये, छापील कागदच पाहावा.

याच्याबरोबर कोणते रंग जुळतात?

मोतिया, हळदी पिवळा, पितळेची झाक, निळीचा गडद निळा आणि वाळलेल्या पानाचा हिरवा हे सहज जुळतात. मोरपिशीसुद्धा शोभतो, मात्र तो थोड्या प्रमाणात असावा. दोन्ही सारखे घेतले तर डोळे थकतात. भडक लाल शेजारी आला, की हा रंग मळलेला वाटतो, आणि थंड राखाडी शेजारी आल्यास त्यातील लाली अनाठायी दिसते. नवीन इमारतींत राखाडी व्हिट्रिफाइड फरशी सर्रास असते. तेथे भिंत तांबूस-तपकिरी करायची असेल, तर मधे जूटचा किंवा मोतिया रंगाचा गालिचा असू द्यावा.

वास्तुशास्त्रानुसार हा रंग कोणत्या दिशेला द्यावा?

या पानाचा तो विषय नाही. दिशा पाहायचीच असेल, तर ऊन कोठून येते यासाठी पाहावी.

शाळेच्या चित्रकलेसाठी हा रंग घरी कसा बनवावा?

लालात थोडा हिरवा मिसळत जावे. रंग तपकिरीकडे वळला, की हिरवा थांबवून लालाचा एक थेंब परत घालावा. काळा घालून गडद करण्याचा मोह टाळावा, कारण पोस्टर रंगांतील काळा बहुधा निळसर असतो आणि मिश्रण जांभळट होते. बर्न्ट सिएना (भाजलेल्या मातीचा तांबूस तपकिरी) आणि गडद निळा यांचे मिश्रण अधिक नितळ येते. वारली चित्रासाठी पार्श्वभूमी हवी असल्यास खरा गेरूच पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा, म्हणजे सुकल्यावर भुकटी झडत नाही. फरशीवर सांडलेला गेरू लगेच पुसावा; टाइल्सच्या सांध्यांतील फिकट ग्राउटमध्ये तो मुरला, की घासूनही पूर्ण निघत नाही.

वर्षभराने टच-अप केला, तर ठिगळ दिसेल का?

मॅट भिंतीवर थोडे दिसेल. कामाच्या वेळी उरलेला रंग छोट्या, काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवावा, जेणेकरून आत हवा राहून साय धरणार नाही, आणि डब्यावर शेड क्रमांक, बेस व तारीख लिहावी. टच-अप ब्रशने न करता मूळ काम ज्या रोलरने झाले त्याच जातीच्या रोलरने करावा, रंगात किंचित पाणी घालावे आणि कडा कोरड्या रोलरने विरवाव्यात. ओरखडे जास्त असतील, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढी एक भिंत पुन्हा रंगवणेच स्वस्त पडते.